दिवा विझलेला नसतो

अब्बा चोवीस वर्षं बोटीवर होते. आमच्या श्रीवर्धन तालुक्यात मुसलमान मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात गेलेलं असतं, त्यामुळे यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की अब्बांना सांगायची हौस होती आणि मला ऐकायची. रात्री वीज गेली की ओट्यावर बसून ते बोटीवरच्या गोष्टी सांगत. त्यांतली एक मी बी.एड.ला असताना पाठाच्या प्रस्तावनेत वापरली होती आणि आजही वापरते.

रात्री डेकवर पहारा असला की लांब किनाऱ्यावरचे दिवे दिसत. त्यांतला एखादा दिवा मध्येच नाहीसा व्हायचा. नवा खलाशी म्हणायचा, दिवा विझला. अब्बा म्हणायचे, "विझत नाही रे. मध्ये होडी आलीय. दिवा परत दिसेपर्यंत आकडे मोज." बिनदिव्याची मच्छीमारांची होडी काळोखात दिसत नसे, पण तिनं झाकलेला दिवा तिची चुगली करायचा. लवकर परत दिसला तर होडी लहान, उशिरा दिसला तर मोठी, नाही तर अगदी सावकाश चाललेली. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले. आपण सांगतोय ते खगोलशास्त्र आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही ते फार उशिरा कळलं.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. लॉकडाऊनचे दिवस, शाळा मार्चपासून बंद. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. आमच्या घराचे पत्रे कागदासारखे उडाले. दुपारी वारा थांबला तेव्हा अब्बा बाहेर गेले आणि पडवीच्या कोपऱ्यात नुसतेच उभे राहिले. वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या पडल्या होत्या. श्रीवर्धनची सुपारी सगळीकडे नाव काढून आहे. त्या सुपारीवर कित्येक घरांतली शिक्षणं झाली, लग्नं झाली, हजही झाले. एका दुपारी ते सगळं जमिनीवर आलं. पोफळ नव्यानं लावली तर हाती पीक यायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, हे वाडीवाल्याला कोणी सांगावं लागत नाही.

त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. 6 जूनच्या रात्री आम्ही छपरावर ताडपत्री बांधून खाली झोपलो होतो. आभाळ फाटक्या ढगांचं, मध्येच पौर्णिमा उलटलेला चंद्र. मी जागी होते. माझ्या मनात त्या रात्री पत्रे, सिमेंट आणि अब्बांचा रक्तदाब याशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्याच रात्री उत्तराखंडात, नैनितालजवळच्या देवस्थळ इथं, सुमारे 2450 मीटर उंचीवर, दोन दुर्बिणी एका ताऱ्याकडे रोखलेल्या होत्या. एकीचा आरसा 3.6 मीटर व्यासाचा, दुसरीचा 1.3 मीटरचा. तो तारा काही नामांकित नव्हता. पण त्या रात्री सुमारे पाच अब्ज किलोमीटरवरचा प्लूटो त्याच्या समोरून जाणार होता. जेमतेम दोन मिनिटांचा मामला. त्या दोन मिनिटांत तारा कसा मंदावतो आणि कसा परत येतो, एवढंच मोजायचं होतं.

हे मी वाचलं दीड वर्षानं, 2021 संपता संपता, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. तारीख वाचून मी थांबले. 6 जून 2020. आम्ही ताडपत्रीखाली होतो ती रात्र. आणि बातमी होती हवेच्या दाबाची.

*

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते.

एखादा ग्रह किंवा चंद्र ताऱ्यासमोरून गेला आणि तारा झाकला गेला की मराठीत त्याला पिधान म्हणतात. मी उर्दू माध्यमातून शिकवते, मराठी माझी लिहायची भाषा आणि घरी आम्ही कोकणी बोलतो. त्यामुळे मला प्रत्येक शब्द तीनदा शोधावा लागतो. पिधानाला अरबीत 'इहतिजाब' म्हणतात. हिजाब ज्या धातूतून आला त्याच धातूतला हा शब्द. मी फळ्यावर तो लिहिला तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे ताऱ्यानं हिजाब घेतला?" वर्ग हसला. मीही हसले. मग म्हटलं, घेतला, पण थोडाच वेळ. आणि त्या पडद्याआडून त्यानं आपल्याला पडद्याचीच माहिती दिली.

प्लूटो 1930 साली सापडला. 2006 मध्ये त्याला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं. त्याचा व्यास सुमारे 2377 किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही लहान. त्याच्यावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेचार तासांहून अधिक लागतात. पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही तो ठिपक्यापलीकडे फारसा दिसत नाही. अशा ठिपक्याची जाडी कशी मोजणार, त्याच्यावर हवा आहे की नाही हे कसं सांगणार? तिथं यान पाठवायचं तर साडेनऊ वर्षं जातात. 2006 साली निघालेलं 'न्यू होरायझन्स' 14 जुलै 2015 रोजी त्याच्याजवळून गेलं आणि पुढे निघून गेलं. ते परत येणार नाही.

मग उरते अब्बांची युक्ती. दिवा झाकला जाईल तिथं आधी जाऊन उभं राहायचं आणि आकडे मोजायचे.

तारे इतके दूर असतात की त्यांचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात. म्हणून त्या प्रकाशात प्लूटोची जी सावली पृथ्वीवर पडते ती प्लूटोएवढीच रुंद असते. ही सावली सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या वेगानं जमिनीवरून धावते. तिच्या वाटेत जो उभा असेल त्याला तारा गेलेला दिसतो. वेग ठाऊक असला की किती सेकंद गेला यावरून त्या जागी सावली किती रुंद होती ते कळतं. सातवीच्या गणितातलं अंतर, वेग आणि वेळ.

आता खरी गंमत. आपला चंद्र ताऱ्यावरून जातो तेव्हा तारा बटण दाबल्यासारखा जातो, कारण चंद्राला म्हणण्यासारखी हवा नाही. प्लूटोआड जाणारा तारा तसा जात नाही. तो हळूहळू मंदावतो आणि हळूहळू परत येतो. प्लूटोभोवती विरळ हवा आहे, तिच्यातून जाताना प्रकाश वाकतो, पसरतो आणि आपल्याकडे कमी कमी पोचतो. 9 जून 1988 रोजी विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून जेम्स इलियट यांच्या गटानं हे स्पष्ट पाहिलं. त्याच इलियट यांच्या गटाला 10 मार्च 1977 रोजी युरेनसची कडी याच रीतीनं सापडली होती. त्या रात्री तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतूनही भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी तो तारा पाहत होते. युरेनस त्याच्यासमोर यायच्या आधीच तारा काही सेकंद मंदावला. त्यांना वाटलं युरेनसचा नवा उपग्रह सापडला, आणि तसं त्यांनी प्रसिद्धही केलं. होतं ते कडं. मला ही चूक फार आवडते. त्यांनी नोंद खरी केली होती, अर्थ तेवढा पुढे बदलला. नोंद खरी असली की अर्थ नंतर दुरुस्त करता येतो.

प्लूटोच्या हवेत मुख्यतः नायट्रोजन आहे. तिथं शून्याखाली सुमारे 230 अंश थंडी, त्यामुळे नायट्रोजनचा बर्फ पडलेला असतो आणि त्याच बर्फाची वाफ होऊन हवा तयार होते. प्लूटो 1989 च्या सुमारास सूर्याला सर्वांत जवळ होता, तेव्हापासून तो लांब चालला आहे. लांब जाईल तशी हवा गोठून खाली बसेल असा अनेकांचा कयास होता. झालं उलट. 1988 नंतर पुढची पंचवीस-तीस वर्षं दाब वाढतच गेला, जवळपास तिप्पट झाला. देवस्थळच्या मोजणीतून कळलं की 2015 च्या मध्यापासून ही वाढ थांबली आहे. 2020 मध्ये दाब होता 12.23 मायक्रोबार.

मी आठवीला हवेचा दाब शिकवते. समुद्रसपाटीला आपल्या हवेचा दाब सुमारे दहा लाख मायक्रोबार. म्हणजे प्लूटोची हवा आपल्या हवेच्या ऐंशी हजाराव्या हिश्श्याएवढी. आमच्यावरून वादळ गेलं तेव्हा त्याच्या मध्यभागी दाब वीसेक मिलिबारांनीच उतरला होता आणि तेवढ्यानं आमच्या पिढ्यांच्या वाड्या झोपल्या. प्लूटोवरची सगळीच्या सगळी हवा एक शतांश मिलिबारच्या जरा वर. एवढीशी हवा आणि तीही एका ताऱ्याच्या हळूहळू मंदावण्यातून, पाच अब्ज किलोमीटरवरून कोणी मोजतो, याचं मला आश्चर्य वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. ती का, ते आता सांगते.

*

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुर्बिणींवर एक धडा आहे. तो शेवटाकडे असल्यानं परीक्षेच्या गडबडीत घाईघाईत उरकला जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये मी ठरवलं की या वेळी पिधान शिकवायचं. एका मुलीच्या हातात बॅटरी दिली, दुसरीच्या हातात चेंडू. फळ्यावर प्रकाशाचा आलेख काढला. आडवी रेघ म्हणजे वेळ, उभी म्हणजे उजेड. चंद्राचा आलेख: सरळ रेघ, एकदम खड्डा, पुन्हा सरळ रेघ. प्लूटोचा आलेख: सरळ रेघ, मग उतार, मग तळ, मग चढ. मुलींना विचारलं, या उतारावरून काय कळतं? एकीनं बरोबर सांगितलं, "मॅडम, मध्ये दगडच नाही, आणखी काहीतरी आहे."

तास संपला. मी हजेरीपत्रक पुढे ओढलं. आमच्याकडे हजेरीपत्रकात गैरहजर मुलीसमोर 'गैन' हे अक्षर लाल शाईनं घालतात. एका नावापुढे त्या महिन्यात सगळी लाल अक्षरं होती. माझ्या अंगवळणी पडलं होतं ते. नाव घ्यायचं, उत्तर येत नाही, लाल गैन, पुढचं नाव. हजर, गैरहजर, गायब, हे शब्द उर्दूतही तेच आणि मराठीतही तेच, त्यामुळे निदान इथं तरी शब्द शोधायचे कष्ट पडत नाहीत.

त्या मुलीचं नाव मी इथं लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. आकड्यांत हुशार, बोलायला कमी. मी पानं मागे उलटली. जानेवारीत आठवड्याला तीन लाल अक्षरं. डिसेंबरात दोन. नोव्हेंबरच्या शेवटी फक्त शनिवार. त्याआधी एकही नाही. मग मला हजेरीपत्रकात नसलेल्या गोष्टीही आठवायला लागल्या. नोव्हेंबरात तिची वही अपुरी यायला लागली होती. डिसेंबरात ती दुसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली होती. आणि एकदा ती तासाला चक्क झोपली होती, मी तिला उभं केलं होतं.

फळ्यावर प्लूटोचा आलेख तसाच होता. उतार, मग तळ. माझ्या हजेरीपत्रकात तोच आलेख तीन महिने माझ्याच हातानं उतरत होता आणि मी फक्त शाई बदलत होते.

शिक्षकखोलीत विषय काढला तर उत्तर तयार होतं. "लग्न ठरलं असेल. आपल्याकडे दुसरं काय होणार?" मुसलमान मुलगी शाळेत दिसेनाशी झाली की बाहेरचे हेच म्हणतात आणि आम्हीही हेच म्हणतो. दिवा विझला. मध्ये काय आलं हे कोणी विचारत नाही, कारण ते आपल्याला आधीच ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं.

*

त्याच सुमारास मी ॲरोकोथबद्दल वाचलं होतं. प्लूटोच्याही पलीकडे जवळपास दीड अब्ज किलोमीटरवर असलेला बर्फाळ गोळा, लांबी अवघी 36 किलोमीटरच्या आसपास. न्यू होरायझन्स यान त्याच्याकडे निघालं होतं, पण तो आहे कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. 2017 च्या जून-जुलैत तो तीनदा ताऱ्यांसमोरून जाणार होता. पहिल्या दोन प्रयत्नांत जमिनीवरच्या दुर्बिणींना काहीच मिळालं नाही. 17 जुलै 2017 ला अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात चोवीस दुर्बिणी ओळीनं मांडल्या. तिथं प्रचंड वारा. कोमोदोरो रिवादाव्हिया या गावच्या लोकांनी वारा अडवायला मोठे ट्रक आणून उभे केले. गाड्यांच्या दिव्यांचा त्रास नको म्हणून महामार्ग दोन तास बंद ठेवला, रस्त्यावरचे दिवे मालवले. कशासाठी, तर एका सेकंदाहूनही कमी काळाच्या पिधानासाठी. चोवीसपैकी पाच दुर्बिणींना तारा गेलेला दिसला. या पाचांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर कळलं की हा गोळा साधा गोल नसावा, दोन भाग जुळलेला असावा. 1 जानेवारी 2019 ला यान तिथं पोचलं तेव्हा तो तसाच निघाला.

उरलेल्या एकोणीस दुर्बिणी फुकट गेल्या का? मीही आधी तसंच समजले होते. पण आमच्या इथून तारा गेला नाही, ही नोंदसुद्धा लागते. तिच्यावरूनच गोळ्याची कड कुठं संपते ते कळतं. आपल्याकडे रमजानच्या चांदरातीला ज्यानं चंद्र पाहिला त्याची शहादत घेतात, ज्याला दिसला नाही त्याला कोणी विचारत नाही. तिथं ते बरोबरच आहे. पण इथं न दिसलेल्याचीही साक्ष लागते, अट एकच की तो त्या वेळी जागा असावा आणि त्याचं लक्ष असावं.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याबद्दल विचारलं. ती का येत नाही, असं मात्र विचारलं नाही. तसं विचारलं की मुली गप्प बसतात. म्हटलं, तुमच्यापैकी कोणाला ती कुठं आणि किती वाजता दिसली तेवढंच सांगा. एकीनं सांगितलं, सकाळी सात वाजता नळावर दिसते. दुसरी म्हणाली, रेशनच्या दुकानात, पण घाईत असते. तिसरी म्हणाली, संध्याकाळच्या कुराणच्या वर्गाला येत नाही. चौथी म्हणाली, "माझ्या बहिणीच्या लग्नाला तिची अम्मी आली होती, ती नव्हती." पाचवी म्हणाली, "दुपारनंतर कधी कधी ओट्यावर बसलेली दिसते." मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिलं. सकाळी सातनंतर दुपारपर्यंत ती कोणालाच दिसत नव्हती. तिची अम्मी बाहेर दिसत होती तेव्हा ती घरात होती. मध्ये काहीतरी होतं आणि ते घरातच, अंथरुणावर असावं, असा मी अंदाज केला.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. घराची पडवी अजून बिनकौलांची होती, नुसत्या तुळया. वादळाला पावणेतीन वर्षं झाली होती. तिची अम्मी दारात आली, मला पाहून गोंधळली आणि आधी म्हणाली, "मॅडम, तिनं काही केलं का?" मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "या, बसा."

आतल्या खोलीत दादी होत्या. नोव्हेंबरात त्यांची उजवी बाजू गेली होती. कूस बदलायला, भरवायला, कपडे बदलायला माणूस लागतो. वाडी गेल्यावर मुलीचे अब्बू कर्ज काढून कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेले होते. अम्मी पहाटे जेटीवर मासळी साफ करायला जात होती आणि दुपारी परतत होती. सकाळी दादीजवळ ही. सुरुवातीला फक्त शनिवारी, कारण इतर दिवशी शेजारची चाची येऊन बसायची. मग चाची मुलाकडे मुंबईला गेली. उताराची सगळी पायरी मला तिथं बसल्या बसल्या कळली. लग्नाचा कुठं पत्ताच नव्हता. उलट अम्मी म्हणाली, "तिच्या अब्बूला सांगितलं नाही मी. शाळा सुटली कळलं तर तो काम सोडून येईल. त्यांनी तिला शिकवायलाच वाडी लावली होती."

आणि मग सहज, अजिबात टोचून नव्हे, म्हणाली, "शाळेतून कोणी येईल असं आम्हाला वाटत होतं. पण नंतर म्हटलं, त्यांना तरी कुठं वेळ."

हजेरीपत्रकात तोपर्यंत एकेचाळीस लाल अक्षरं झाली होती. त्यातलं प्रत्येक अक्षर मी स्वतः घातलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

*

मार्ग काही फार मोठा निघाला नाही. मुख्याध्यापकांशी बोलून तिनं दुपारी अम्मी आल्यावर शेवटच्या तीन तासांना यावं असं ठरलं. ते कधी जमलं, कधी नाही.

24 मार्च 2023 ला पहिला रोजा होता. त्या संध्याकाळी चंद्राची कोर आणि शुक्र एकमेकांना अगदी लागून दिसणार होते. देशाच्या काही भागांतून तर शुक्र चंद्राआड जाऊन बाहेर आला. मी मुलींना सांगितलं, रोजा सोडा, मगरिब पढा आणि आपापल्या घरून पाहा. कोणी आकाशात काय पाहिलं ते वेळेसकट कागदावर लिहून आणा. घड्याळ मोबाइलचंच लावा.

बहुतेकींनी लिहिलं, चंद्राखाली तारा होता, फार सुंदर दिसत होता. त्या सुंदरला मी अर्धा गुण दिला. तिचा कागद शेजारच्या मुलीनं आणून दिला. त्यावर उर्दूत चार ओळी होत्या. दादीच्या खिडकीतून पाहिलं. हनुवटी गजावर टेकवून बसले, हलले नाही. 7 वाजून 44 मिनिटांनी शुक्र पडवीच्या तुळईआड गेला. 7 वाजून 48 मिनिटांनी तुळईच्या खालून परत दिसला.

मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले. मग तो घेऊन तिच्याकडे गेले. आम्ही दोघींनी दादीच्या पलंगाजवळ बसून हिशेब केला. आकाश चोवीस तासांत 360 अंश फिरतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. खिडकीपासून तुळई शिवणाच्या टेपनं मोजली, सात मीटरला थोडी कमी. एक अंश म्हणजे अंतराचा सत्तावन्नावा भाग. तुळईची जाडी बारा सेंटिमीटर आली. ती स्टुलावर चढली आणि टेप लावली. बारा, आणि वर एक धागा. तिनं खाली पाहून दादीला ओरडून सांगितलं, "दादी, बरोबर आलं!" दादींना काय कळलं कोण जाणे, पण त्या डाव्या बाजूनं हसल्या.

पडवीवर कौलं असती तर तिला शुक्र दिसला नसता. हे माझ्या मनात आलं आणि लगेच मी ते बाजूला सारलं. त्या घराला कौलांची गरज होती, माझ्या उदाहरणाची नव्हती.

दहावीला ती नियमित येऊ शकली नाही. दादी पुढच्या पावसाळ्यात गेल्या. तोवर वर्ष हातचं गेलं होतं. मग 17 नंबरचा फॉर्म भरून तिनं मार्च 2025 मध्ये बाहेरून परीक्षा दिली. विज्ञानात चांगले गुण पडले, इंग्रजी राहिलं, ते पुरवणी परीक्षेत सुटलं. आता ती अकरावीला आहे. अब्बू अजून कुवेतलाच आहेत. पडवीवर कौलं नाही, पण पत्रे चढले आहेत.

प्लूटो आता आकाशगंगेच्या दाट पट्ट्यापासून दूर चालला आहे. त्याच्या वाटेत तारे विरळ होत जातील आणि देवस्थळसारखी रात्र आता क्वचितच येईल, असं जाणकार सांगतात. त्याची हवा गोठते की टिकते, हे पाहायला त्या थोड्या रात्री कोणीतरी नेमक्या जागी जागं असावं लागेल.

मी माझ्यापुरता एक बदल केला आहे. हजेरीपत्रकात लाल गैन घालतेच, तो नियम आहे. पण एका वहीत नावापुढे दिवसही लिहिते. लागोपाठ दोन शनिवार आले, वही अपुरी आली, बाक बदलला, तर तिसऱ्या शनिवारची वाट पाहत नाही. संध्याकाळी चप्पल घालते आणि जाते. अब्बा ओट्यावरून विचारतात, "कुठं निघालीस?" मी म्हणते, "होडी बघायला." त्यांना ते कळतं.